पहेलवान अक्षर

रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्यापाशी जायचे, त्याच्या खांबाला पाठ टेकायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर धरून नुकत्याच टांगलेल्या फ्लेक्सकडे पाहायचे, ही त्या गृहस्थांची रीत होती. अंगठ्याने ते काय मोजत, हे मला कधी कळले नाही. चित्रकलेचा शिक्षक म्हणून मी आयुष्यभर मुलांना पेन्सिल धरून प्रमाण मोजायला शिकवले. त्या मापनात हात ताठ असावा लागतो, नाही तर माप चुकते. यांचा हात कोपरात वाकलेला असे. म्हणजे ते माप नव्हते, मापाचा अभिनय होता. तो आटोपला की ते माझ्या ओट्याकडे वळून विचारत, “दिसून राह्यलं का, सर?”

दिसत असे. न दिसण्याला त्यांनी वावच ठेवलेला नसे.

आता ते आमच्या नंदनवन वस्तीत नाहीत. बायकोच्या माहेरी, उमरेडला, राहायला गेले. ते गेल्यावर गल्लीतली आरडाओरड थांबली असे म्हणावे, तर हे गृहस्थ तोंडाने फारसे ओरडत नसत. त्यांच्या वतीने अक्षरे ओरडत.

ते अक्षर तुम्हीही पाहिलेले आहे. नाव ठाऊक नसेल, पण शहरातल्या कोणत्याही चौकात मान वर केलीत की ते अंगावर येते. जाड, आखूड, एकाला एक खेटून उभे. बोरूने लिहिलेल्या अक्षरात रेघ कुठे भरते, कुठे निमुळती होते, आणि लिहिणाऱ्याचा हात कुठे थबकला तेही समजते. या अक्षरात सगळ्या रेघा एकाच जाडीच्या, टोके सुरीने कापल्यासारखी सपाट, मात्रा शिरोरेषेवर बसकण मारलेल्या. आणि पोकळ्या बुजलेल्या. हे शेवटचे महत्त्वाचे आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. ‘व’ काढताना आपण रेघ काढतो, असे मुलांना वाटते. खरे तर आपण रेघेने थोडीशी रिकामी जागा वेढतो, आणि वाचणारा ती जागा वाचतो. ती टाचणीच्या डोक्याएवढी उरली की अक्षर वाचले जात नाही, ते नुसते आदळते. असे अक्षरही हवे. धोक्याची सूचना आहे, दुकानाची पाटी आहे, दुरून दिसावेत असे दोन-चार शब्द आहेत, तिथे ते शोभते. ज्याने ते घडवले त्यानेही तेवढ्याचसाठी घडवले असणार. या गृहस्थांनी त्याला बारा महिने तेरा त्रिकाळ राबवले.

संगणकात त्या अक्षराला कंपनीने दिलेले काहीतरी नाव होते. हे त्याला ‘पहेलवान’ म्हणत. गिऱ्हाईक दुकानात आले, मजकूर सांगून झाला, की ते अत्यंत गंभीरपणे विचारत, “पहेलवान टाकू का?” जणू आत आणखी चार प्रकार वाट पाहत बसले होते. त्यांची पत्नी त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात साड्यांना फॉल-पिको करून देत असे. ती शिलाई यंत्रावरून मान वर न करता म्हणे, “पहेलवानच टाकतीन, बाई. दुसरं कोनी येतच नाई यायले.”

बारशाचे निमंत्रण पहेलवानात, कूलर दुरुस्ती पहेलवानात, गणिताची शिकवणी पहेलवानात. शेजारच्या वाचनालयाची पाटी करायची ठरली, तेव्हा समितीच्या विनंतीवरून मी स्वतः अक्षरे काढून दिली होती. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्यांनी तो कागद हातभर लांब धरला आणि डॉक्टरने एक्स-रे पाहावा तसा उजेडाकडे केला.

“सर, हे अक्षर बिमार आहे.”

“बिमार नाही. सडपातळ आहे.”

“एकच झालं ना. हवा आली तं पडून जाईन.”

वाचनालयाची पाटी पहेलवानात झाली. आजही नवखा माणूस आत शिरून पुस्तकांऐवजी सिमेंटचा भाव विचारतो.

मी निवृत्त झालो तेव्हा शाळेने निरोपसमारंभाचा फ्लेक्स त्यांच्याकडेच दिला. व्यासपीठावर गेलो तर मागे एक गोरापान, काळ्याभोर मिशांचा, गालावर गुलाबी झाक असलेला अनोळखी इसम माझे नाव धारण करून हसत होता. त्याच्या डोक्यावर ‘सेवापूर्ती’ हा शब्द असा बसला होता, की छत कोसळते की काय असे वाटावे. मी काही बोलण्याआधीच हे पुढे आले. “तुमाले दहा वर्षं कमी करून देल्लं, सर. बिलात नाई लावलं ते.” सभागृहातला प्रत्येक माजी विद्यार्थी आधी फ्लेक्सकडे आणि मग माझ्याकडे पाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर सांत्वनाचा भाव येई.

एक प्रसंग मात्र मी त्यांच्या खात्यावर निराळा ठेवला आहे. आमच्या गल्लीतल्या एक वृद्ध बाई वारल्या. शांत बाई, कोणाला हाक मारायची तरी दाराशी येऊन मारणाऱ्या. त्यांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स नाक्यावर लागला, तो त्याच अक्षरात, त्याच पिवळ्या-लाल रंगात, शेजारच्या साड्यांच्या सेलला खेटून. घाईत जाणाऱ्याला वाटावे, त्या बाईंवरही सूट आहे. मी दुकानात जाऊन, आवाज न चढवता, समजावून सांगितले की मजकुराला आवाज असतो, आणि दुःखाचा मजकूर हळू आवाजात लिहायचा असतो.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, मेलेल्या माणसाचा आवाज तं बंदच झाला. त्यानं हळू बोलून कसं जमन? मोठ्यानं आपल्यालेच बोला लागते.”

मी परत ओट्यावर येऊन बसलो. याला उत्तर आहे, याची मला खात्री होती. पण पुढे पुष्कळ दिवस ते मला नीटसे जुळवता आले नाही, हे नमूद करतो.

त्यांच्या अक्षराइतकीच त्यांच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट म्हणजे फ्लेक्सवरची माणसांची मांडणी. ही एक विद्याच आहे, आणि तुम्ही रोज तिच्याखालून जाता, म्हणून थोडक्यात सांगतो. सर्वांत वर एक पट्टी असते. तिच्यात देशातले, राज्यातले मोठे चेहरे छोट्या गोलांत, मोत्यांसारखे ओवलेले. उजव्या बाजूला ज्यांचा वाढदिवस किंवा निवड, ते साहेब, पायापासून डोक्यापर्यंत, बहुधा चालत येताना. आणि तळाला आणखी एक पट्टी. तिच्यात शुभेच्छुक, म्हणजे ज्यांना शुभेच्छांच्या बदल्यात काही हवे आहे असे लोक. तळाच्या पट्टीत डावीकडचा माणूस उजवीकडच्यापेक्षा मोठा. कोणाचा गोल कितवा, यावरून वर्षानुवर्षांची मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

आमचे हे गृहस्थ वीस वर्षे लोकांचे गोल लावत आले होते. मजुरीतला थोडा भाग ते स्वतःचा चेहरा तळाच्या पट्टीत घुसवून वसूल करत. अगदी उजव्या कोपऱ्यात, जिथे बांबूची दोरी बांधतात, तिथे त्यांचा गोल असे. पुष्कळदा दोरी त्यांच्या कपाळावरून जाई. ते चालत असे त्यांना. कोणता पक्ष, कोणते साहेब, याचेही त्यांना वावडे नव्हते. महापालिकेची गाडी विनापरवाना फ्लेक्स उतरवायला निघाली, की ती यायच्या आत यांना खबर लागे आणि हे दुसऱ्या पक्षाचे फ्लेक्स स्वतः दाखवून देत. तेही यांनीच केलेले असत. “नवीन बनवा लागतीन ना मंग,” हे त्यांचे स्पष्टीकरण. माणसाचा इतका निर्मळ निलाजरेपणा मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही.

अशा माणसाला एके दिवशी नगरसेवक व्हावेसे वाटले.

निवडणूक लांबत लांबत अखेर लागणार अशी चिन्हे दिसू लागली होती. यांनी दाढी राखली, पांढरा शर्ट शिवला, आणि भेटेल त्याला दोन्ही हात जोडू लागले. मलाही जोडले. मी कचरा टाकायला बाहेर आलो होतो.

“सर, या बारीले तिकीट पक्कं आहे. साहेबानं खांद्यावर हात ठेवला.”

“कुणाच्या?”

“माह्या.”

दुकानाच्या दाराशी बसलेल्या पत्नीने यंत्र थांबवले. उमरेडच्या विणकराच्या घरातली ती बाई. बोलणे मोजके, पण बसायचे तिथे बरोबर बसणारे. “सर, तुमीच सांगा यायले. वीस वर्षं दुसऱ्याचे तोंड चिकटवले, तं लोकायले यायचं तोंड माहीत आहे का?”

“तू चूप राय वं. तळाच्या पट्टीत रोज पाहून राहिले ना लोक.”

“दोरीच्या खालचं कोन पाहाते?”

गंमत वाटली, पण हेही सांगायला हवे की त्यांची ही इच्छा थट्टेची नव्हती. सकाळी फिरायला निघालो की ते एकटेच गल्लीत उभे राहून नाल्यांची झाकणे पाहत असलेले दिसत. कोणत्या घराला पाणी कमी दाबाने येते, ते त्यांना तोंडपाठ होते. तिकीट मिळण्यावर त्यांनी सगळे लावले होते. दुकानाचे काम मागे पडले, गिऱ्हाइके दुसरीकडे जाऊ लागली, तरी त्यांची फिकीर नव्हती. एकदा तरी तळाच्या पट्टीतून उठून उजव्या बाजूला, पूर्ण अंगाने, चालत येताना दिसायचे, एवढेच त्या माणसाला हवे होते.

उमेदवारांची नावे ठरायच्या आठवड्यातच साहेबांचा, म्हणजे तिकिटे वाटणाऱ्या पुढाऱ्याचा, वाढदिवस आला. यांनी चौकासाठी आजवरचा सर्वांत मोठा फ्लेक्स करायला घेतला, आणि तो पाहायला मला मुद्दाम दुकानात बोलावले.

पडद्यावर तीन ओळी होत्या. वर साहेबांचे नाव, त्यांची सगळी बिरुदे पुढे-मागे लावून. मध्ये शुभेच्छा. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून या गृहस्थांचे स्वतःचे नाव. तिन्ही ओळी डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत चिकटलेल्या. ही त्यांची जुनी सवय. गिऱ्हाईक चौरस फुटावर पैसे देते, बाजूला जागा मोकळी दिसली की विचारते, म्हणून यांची प्रत्येक ओळ कडेला टेकेपर्यंत मोठी व्हायचीच. परिणाम उघड आहे. साहेबांची ओळ लांबलचक, ती कडेला लवकर टेकली आणि बुटकी राहिली. यांचे नाव दोन अक्षरी, आडनाव तीन अक्षरी. ते कडेला टेकेस्तोवर वाढतच गेले आणि साहेबांच्या नावाच्या जवळजवळ दुप्पट उंच झाले.

मी ते माझ्या परीने दाखवून दिले. राजकारण मला कळत नाही. मी फक्त इतके म्हटले की ओळींच्या उंचीला काही क्रम हवा, मुख्य नाव मोठे, बाकीचे उतरत्या मापाने, आणि बाजूला मोकळी जागा राहिली तर ते नुकसान नव्हे.

“सर, जागा खाली ठेवली तं तो फ्लेक्स कायचा? तो तं चादर झाला.”

आतून पत्नी म्हणाली, “लुगड्याले काठ असते, बाकी पोत असते. सगळा काठच केला तं नेसाव काय?”

“हे लुगडं नाई ना.”

फ्लेक्स पहाटे चौकात चढला. ते नेहमीप्रमाणे पानठेल्यापाशी गेले, डोळा मिटला, अंगठा धरला, आणि समाधानाने हात झाडले. मोठा, भरगच्च, लालभडक. एक बोटही जागा रिकामी नव्हती.

दहाच्या सुमारास साहेबांचा जवळचा समजला जाणारा एक कार्यकर्ता मोटरसायकलवरून आला. आडवा बांधा, गळ्यात सोनसाखळी. त्याला सगळे ‘भाऊ’ म्हणत. तोही पानठेल्यापाशी उभा राहिला आणि त्याने पान लावायला सांगितले. हे लगबगीने पुढे धावले. मी भाजी घेऊन परतत होतो, त्यामुळे सगळे ऐकू आले.

“वाढदिवस कोनाचा आहे बे?”

“साहेबाचा, भाऊ.”

“मंग तुयं नाव काहून मोठं?”

“मोठं नाई, भाऊ. बराबर आहे. दोन्ही कडेले टेकून आहे, पाहा ना.”

“कड नको दाखवू मले. उंची पाहून राहिलो मी.”

यांनी फ्लेक्सकडे पाहिले. मला वाटते, वीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिले. आजवर ते दिसते का एवढेच तपासत होते. काय दिसते, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

“माह्यं नाव छोटं आहे ना, भाऊ. म्हनून तसं झालं.”

भाऊने पान तोंडात घातले, खिशातून फोन काढून फ्लेक्सचा फोटो काढला आणि मोटरसायकलला लाथ मारली. “नाव छोटं आहे तं छोटंच राहू दे,” एवढे म्हणून तो गेला.

दुपारपर्यंत जुना फ्लेक्स उतरवून यांनी नवा चढवला. त्यात साहेबांचे नाव हत्तीएवढे आणि स्वतःचे मुंगीएवढे. व्यर्थ होते. फोटो तोवर प्रभागातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता, आणि खाली लोक हसून-हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लावत होते. चार दिवसांनी पक्षाच्या उमेदवारांची नावे आली. तिकीट एका बोअरवेलच्या ठेकेदाराला मिळाले. अक्षरांशी त्याचा संबंध सहीपुरता.

कोणी म्हणेल, तिकीट त्याला आधीच ठरलेले असेल, फ्लेक्स हे निमित्त. शक्य आहे. पण या गृहस्थांनी तसे कधी मानले नाही. आपण ओळ कडेला टेकवली म्हणून बुडालो, यावर ते ठाम होते, आणि मला त्यांचे हे ठाम असणे बरे वाटले. निदान एकदा तरी रचनेच्या दोषाची जबाबदारी त्यांनी घेतली.

मग रागाच्या भरात त्यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला.

अर्ज भरून आल्यावर दुसऱ्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. हाक मारण्याचा सूर निराळा होता. दुकानात गेलो तर पडद्यावर त्यांचा प्रचाराचा फ्लेक्स होता. उजव्या बाजूला ते स्वतः, पूर्ण अंगाने, चालत येताना. डावीकडे पहेलवानात नाव. तळ रिकामा, कारण त्यांना शुभेच्छा देणारा अजून कोणी आला नव्हता. आणि वरची पट्टी रिकामी. अपक्षाला कोणत्याही पक्षाचा नेता वर लावता येत नाही. वीस वर्षे जिथे मोत्यांसारखे चेहरे ओवले, तिथे नुसता पांढरा पट्टा होता.

“सर, वर काय टाकू?”

“काही टाकू नका.”

“असं कसं? लोक म्हनतीन, याच्या मागं कोनीच नाई.”

“नाहीच ना कोणी.”

ते पडद्याकडे वळले. “ते लोकायले माहीत होऊ द्याचं नसते, सर.”

त्यांनी वर संत्री टाकून पाहिली. उगवता सूर्य टाकला. देवळाचा कळस टाकला, तो काढला, कारण मग इतर देवळांचे लोक रुसतील. शेवटी खणातून एक जुने ओळखपत्र काढले आणि त्यावरचा फोटो संगणकात घेतला. त्यांचे वडील. कामठीला हातमागावर कामाला होते, एवढे मला ठाऊक होते. फोटो नखाएवढा. मोठा करताच चेहरा विरत गेला, नुसते दोन डोळे आणि टोपी उरली. त्यांनी तो एका गोलात बसवला आणि पट्टीच्या बरोबर मध्यभागी ठेवला. 

“चांगला दिसतो,” मी म्हणालो. मी सहसा असत्य बोलत नाही, आणि तेव्हाही बोललो नाही.

“पण यायले कोन ओळखते, सर?”

“मले माहीत आहे ना,” पत्नी म्हणाली. “राहू द्या त्यायले.”

“तुह्या एका मतानं का होते?”

त्यांनी गोल काढून टाकला.

शेवटी तसाच, वरून मोकळा, एक फ्लेक्स त्यांनी छापून आणला आणि स्वतःच्याच घराच्या कठड्याला बांधला. मी ओट्यावर होतो. शास्त्र म्हणून सांगतो, त्यांच्या हातून झालेली ती एकमेव निर्दोष रचना होती. वर भरपूर पांढरी जागा, खाली ते जाड, आखूड, गच्च अक्षर. त्याच्याभोवती प्रथमच मोकळी हवा होती, म्हणून प्रथमच ते वाचता येत होते. माणसाचे नाव माणसाच्या नावासारखे दिसत होते. मी हे त्यांना सांगणार होतो.

ते रस्ता ओलांडून गेले. डोळा मिटला नाही, अंगठा धरला नाही. खांबाला टेकून दोन्ही डोळ्यांनी पाहत राहिले. मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाले, “एकटा दिसून राह्यलो, सर.”

जेवणाच्या वेळेआधी फ्लेक्स उतरला होता.

अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी त्यांनी अर्ज मागे घेतला. त्याच भाऊने त्यांच्या गळ्यात हार घातला, ठेकेदाराने मिठी मारली, आणि फोटोत हे मनापासून हसताना दिसले. यात खोटे काही नव्हते. ठेकेदाराच्या प्रचाराचे सगळे फ्लेक्स यांच्याच दुकानातून गेले. शिडी लावून बरेचसे यांनी स्वतःच चढवले. त्यातला एक माझ्या ओट्यासमोर आला तेव्हा त्यांनी मला मुद्दाम उठवून तळाची पट्टी दाखवली. त्यांचा गोल कोपऱ्यातून निघून डावीकडून दुसरा झाला होता. दोरीचा प्रश्न मिटला होता.

“वर सरकलो, सर.”

मी अभिनंदन केले. इतका कमी मोबदला घेऊन इतका पूर्ण समाधानी झालेला माणूस समोर उभा असला, की दुसरे काय करायचे, हे मला शाळेत कोणी शिकवले नव्हते. ठेकेदार निवडून आला. यांनी पेढे वाटले. नाल्यांची झाकणे पाहायला पुन्हा कोणी उभे राहिले नाही. दुकानही परत उभे राहिले नाही. गिऱ्हाइके गेली ती गेलीच, आणि पुढच्या वर्षी त्यांनी उमरेडला जायचे ठरवले.

जाण्याआधीच्या उन्हाळ्यातली एक सकाळ सांगून थांबतो. माझ्या गच्चीवरून त्यांची गच्ची दिसते. मुगाच्या वड्या घालायला वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, एक मोठा फ्लेक्स पसरला होता, छापील बाजू खाली आणि पांढरी पाठ वर. घरोघर असेच करतात. ऊन वर आले तसे खालचे अक्षर पाठीतून उमटू लागले. उलटे, फिकट, पण जाडी लपणारी नव्हती. दोन अक्षरी नाव, तीन अक्षरी आडनाव. शेजारी चालत येणारी एक पुसट आकृती, आणि वरच्या बाजूला नुसते पांढरे.

वाऱ्याने फ्लेक्स मध्यभागी फुगत होता. वहिनी डाळीच्या पिठाची परात घेऊन एका टोकाला बसल्या होत्या. हे वीट घेऊन आले.

“मधात ठेवा ती,” त्या म्हणाल्या.

ते कडेकडेने एका बाजूने गेले, दुसऱ्या बाजूने आले. वाकून हात लांब करून पाहिला, पोचला नाही. दुकानात छापून आलेले फ्लेक्स कापताना हेच गृहस्थ साहेबांच्या छातीवर बिनदिक्कत गुडघे टेकून बसत, तोंडावरून चालत, आणि भलेभले पुढारी त्यांच्या टाचांखालून गेलेले मी पाहिले आहेत.

“पाय ठेवा ना. काहून थांबले?”

“ठेवतो ना.”

“अजून एक वडी नाई घातली. खाली काय आहे?”

त्यांनी वीट या हातातून त्या हातात घेतली.  वहिनी उठल्या, पिठाचा हात पदराला पुसला, त्यांच्या हातातली वीट घेतली, त्या नावावरून सरळ चालत मध्यभागी गेल्या, वीट ठेवली आणि तशाच परत येऊन वड्या घालू लागल्या. पहिली ओळ, दुसरी ओळ, अगदी कडेपासून.

ते अजून कठड्याशी उभे होते. चपला त्यांनी काढून बाजूला ठेवल्या होत्या.